आईच्या गालासाठी कॅमेरा

आईच्या डाव्या गालाच्या आत, दाढेला लागून, पांढरा डाग दिसला आणि दुसऱ्या दिवसापासून मी कॅमेरे बघायला लागलो. डॉक्टर नाही, कॅमेरे. आता हे कुणाला सांगितलं तर माणूस मला वेड्यात काढेल, आणि काढावंच. पण तेव्हा मला ते इतकं शहाणपणाचं वाटत होतं की मी स्वतःवर खूश होतो.

डाग सापडला जेवताना. आईच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण म्हणजे परक्या माणसानं दोन घासांत पाणी मागावं असं. त्या दिवशी मात्र अगदीच मिळमिळीत. मी चिडवलं, "काय गं आई, मिरची महाग झाली का?" ती म्हणाली, "मला झोंबतं रं हल्ली." चाळीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकलेली, भाकरीबरोबर हिरवी मिरची कच्ची खाणारी बाई, आणि तिला झोंबतं? बायको हसली, मी हसलो, आणि मग माझं हसू तिथंच थांबलं. फोनचा टॉर्च लावून म्हटलं, आ कर. ती करेना. शेवटी दटावलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

करंगळीच्या नखाएवढा डाग. मी कापसानं पुसून बघितला, जाईना.

"काय नाय ते," आई म्हणाली. "गाल चावलाय."

हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. आईची थोरली बहीण, माझी मावशी, हेच म्हणायची. दोघींना लहानपणापासून मिश्रीची सवय. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना घासत ओट्यावर बसायचं. आमच्या आळीत बायकांच्या जितक्या गप्पा मिश्री लावताना होतात तितक्या लग्नातही होत नाहीत. मावशीला मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं आणि पाच महिन्यांत ती गेली. तेव्हापासून आळीत एक गोष्ट पक्की झाली, सुरी लावली की 'तो' पसरतो. 'तो' म्हणायचं, नाव घ्यायचं नाही.

मी शिकलेला माणूस. सुरीनं काही पसरत नाही हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आईचा हात धरून त्या दारात जाणं वेगळं. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती.

आईनं अट घातली. "वाडला तर जाऊ. नाय वाडला तर त्या सुरीवाल्याचं नाव माज्यासमोर काडायचं नाय." मी लगेच कबूल झालो. इतक्या लगेच की तेव्हाच माझी मला लाज वाटायला हवी होती.

आता वाढतोय की नाही, हे ठरवायचं कसं? इथं माझा धंदा आडवा आला. मी बोईसरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. आमच्या कपाटात प्रत्येक रंगाचा एक ठरलेला नमुना असतो, त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. नवा माल तयार झाला की त्यात कापडाची पट्टी रंगवायची, स्टँडर्डच्या शेजारी ठेवायची आणि ठरलेल्या उजेडात बघायची. फरक नसला तर पास. अठरा वर्षं हेच करतोय. दोन निळ्यांमधला जो फरक बायकोला जन्मात दिसायचा नाही तो मला दारातून दिसतो. तर मी ठरवलं, आईच्या गालाचाही स्टँडर्ड ठेवायचा. एक फोटो आज, मग दर रविवारी एक, सगळे शेजारी-शेजारी. बदल असेल तर माझ्या नजरेतून सुटतोय कुठे!

पहिला फोटो फोननंच काढला. फोन ही मोठी लबाड चीज. चेहरे गोरे करतो, सुरकुत्या पुसतो हे माहीत होतं, पण त्यानं आईच्या गालाचाही मेकअप केला. एका फोटोत डाग गायबच! सगळं गुलाबी, टूथपेस्टच्या जाहिरातीतलं. आणि सांगतो, अर्धा तास मी त्या फोटोवर विश्वास ठेवला. बायकोला दाखवला, तर ती म्हणाली, "आई ओट्यावर बसल्यात, जाऊन तोंडातच बघा की." गेलो, बघितलं. डाग होता तिथंच होता. पुढच्या फोटोत फ्लॅश पडला, थुंकीवर चमकला आणि अख्खा गाल पांढराफेक. म्हणजे फोन कामाचा नाही, खरा कॅमेरा पाहिजे.

"पंधरा हजारांच्या वर जायचं नाही," बायकोनं बजावलं. "आणि आधी डॉक्टरला दाखवा." ती पहिल्या दिवसापासून डॉक्टर डॉक्टर करत होती. तिचं पहिलं वाक्य मी ऐकलं, दुसरं नाही.

मग मी वाचत सुटलो. कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, संडासातसुद्धा. लॅबमधला उत्तरेकडचा सोबती म्हणाला, "भाई, मेगापिक्सेल देख के ले, बाकी सब बकवास." मेगापिक्सेल हाच बकवास, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मला पाहिजे होत्या तीनच गोष्टी. दोन बोटांच्या अंतरावरून फोकस झाला पाहिजे. पांढरा कशाला म्हणायचं ते मला हातानं ठरवता आलं पाहिजे. आणि तिसरं म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःची अक्कल चालवायची नाही. लेन्स बदलायचे मोठे कॅमेरे बघितले, तर त्यांची जवळचं टिपणारी लेन्सच कॅमेऱ्याहून महाग. लहान नवे कॅमेरे हल्ली फारसे बनतच नाहीत, सगळ्यांच्या खिशात फोन ना. बोईसरमध्ये चार दुकानं फिरलो, कॅमेरा म्हटलं की दुकानदार सीसीटीव्ही काढून दाखवायचे. राहिले जुने, वापरलेले.

पालघरला एका गल्लीत म्हातारा स्टुडिओवाला आहे. लग्नात फोटो काढणारी पोरं नवा कॅमेरा घेतात तेव्हा जुना त्याच्याकडे टाकतात. मी गेलो एका शनिवारी. त्यानं विचारलं, "कशाचे फोटो काढायचेत?"

मी म्हटलं, "फुलांचे."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. 'आईच्या तोंडातले' हे दोन शब्द काही केल्या बाहेर पडेनात. त्या भल्या माणसानं भिंतीवरच्या देवाच्या हारातलं झेंडूचं फूल तोडून माझ्यापुढे ठेवलं, "घ्या, याच्यावर बघा काढून."

त्यानं मला पुष्कळ शिकवलं. कंपनीचं नाव बघू नका, काच बघा. बॅटरीचं झाकण उघडून आतल्या पत्र्यावर हिरवा गंज आहे का बघा. झूम पुढे-मागे करताना वाळू कुरकुरते का ऐका. आमच्या किनाऱ्याच्या खाऱ्या दमट हवेत कॅमेऱ्याला आणखी एक दुखणं लागतं, लेन्सच्या आत बुरशी धरते. एका बाजूनं टॉर्च मारला की बारीक पांढरे तंतू दिसतात. मी उचललेला पहिलाच कॅमेरा तसला निघाला. म्हाताऱ्यानं तो माझ्या हातातून काढूनच घेतला. "हा नको. आता एवढीशी दिसते, पण ही थांबत नसते." मी मान डोलावली आणि म्हटलं, दुसरा दाखवा.

चार शनिवार मी त्याच्याकडे गेलो. स्वतःचं मेमरी कार्ड न्यायचं, झेंडूचे फोटो काढायचे, घरी लॅपटॉपवर मोठे करून बघायचे आणि पुढच्या शनिवारी तक्रार घेऊन हजर. याचे कोपरे धूसर. याचा लाल रंग भगवा येतो. याला जवळचं दिसतं पण हात हलला की पुसट. म्हातारा कंटाळला नाही, त्याला वाटलं असेल, आहे एखादा फुलांचा वेडा. आणि खरं सांगायचं तर मला त्यात सुख लागलं होतं. कॅमेरा निवडत असताना डाग नसायचा. दुकानाच्या पायऱ्या उतरलो की परत यायचा.

बायकोनं एकदा सरळच विचारलं, "कॅमेरा निवडताय की दिवस ढकलताय?"

मी खेकसलो, "तुला काय कळतं त्यातलं?"

"आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी, एवढं कळतं," ती म्हणाली आणि ताट वाढून आत गेली. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. ती बरोबर होती म्हणूनच मी इतका चिडलो होतो.

चौथ्या शनिवारी कॅमेरा मिळाला. तळहाताएवढा, रुपेरी, एका कोपऱ्याला चेपलेला, पण काच नितळ. एका बोटावरून फोकस व्हायचा. बायकोनं घातलेल्या मर्यादेच्या बऱ्याच आत बसला. डाग दिसल्याला तोवर सहा आठवडे उलटले होते.

रविवारी सकाळी, मिश्री लावायच्या आधी, आईला ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसवलं. फ्लॅश बंद. लॅबमधून आणलेला पांढराशुभ्र गाळणकागद कॅमेऱ्याला दाखवला, हा पांढरा म्हणून. चमच्यानं गाल बाजूला धरला, प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा कापून डागाशेजारी टेकवला, मापासाठी. आईचं चमच्याच्या बाजूनं बोलणं चालूच. "आरं, चांगल्या बायांचा फोटू तोंड मिटल्यावर काडतात." मी म्हटलं, हलू नको. सहा फोटो फुकट गेले. सातवा आला. झाला आमचा स्टँडर्ड.

दुसऱ्या रविवारी तसाच फोटो. शेजारी ठेवला. सारखाच! मी त्या दिवशी बायकोला बाहेर जेवायला घेऊन गेलो, काय बोलता.

तिसऱ्या रविवारी डाग एका कडेनं किंचित पुढे सरकल्यासारखा वाटला. मी म्हटलं, पट्टी वाकडी धरली असेल. लॅबमध्ये असं होतं. माल पाठवायची घाई असते, साहेब मागे उभा असतो, पट्टी केसभर वेगळी दिसते, आणि आपण म्हणतो, चालेल, एवढा फरक चालतो. सही करून माल सोडून देतो. रंगाचं ठीक आहे, कुणाच्या तरी चादरीची निळाई थोडी कमी-जास्त होते. मी त्या रविवारी आईला पास केलं. जो फरक मला दारातून दिसतो तो मी नाकासमोर ठेवून बघितला नाही.

तो आठवडा मी नीट झोपलो नाही. लॅबमध्ये कुठलीही पांढरी पट्टी हातात आली की ती दोन-दोनदा उजेडात धरून बघायचो. आई खोकली तरी मी दचकायचो. ती मात्र माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त हसत-बोलत होती. मला वाटलं, बाईला काळजीच नाही.

चौथ्या रविवारी लॅपटॉप उघडला आणि डागाच्या कडेला लाल दाणे दिसले. पट्टी सरळ होती. ऊन तेच होतं. आता 'चालेल' म्हणायला काही उरलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटायला गेलो तर मागे आई, हातात माझा चहा.

"मोटा कर," ती म्हणाली.

तिनं तो डाग तोवर बघितलेलाच नव्हता. घरात आरसा आहे, पण तिनं कधी तोंड उघडून आत पाहिलं नव्हतं, आणि मीही तिला फोटो दाखवले नव्हते. मी चित्र मोठं केलं. आईनं ते बघितलं, बाजारात बघते तसं. ती मासा घेताना वरच्या चकाकीकडे बघत नाही. अंगठ्यानं कल्ला उचलते, आतला रंग बघते आणि घेते किंवा टाकते. घासाघीस करायची ती भावाची, माशाची नाही. तिला एक क्षण लागला. मी नऊ आठवडे घालवले होते.

"ह्यो मासा मी पाटीत घेतला नसता," आई म्हणाली.

मग ती खाली बसली. चहाचा कप तिनं जमिनीवर ठेवला, तो कलंडला, तिकडे दोघांनीही बघितलं नाही. "मी लय भ्याले रं," ती म्हणाली. "पन तू दर आइतवारी फोटू काडायचास नि काय बोलायचा नायस. मला वाटलं, याला कळतं, याच्या डोल्याला बारीक बारीक दिसतं. काय वाईट आसतं तर बोलला आसता. मी तुज्या तोंडाकडं बगून गप होते."

मला रडू आलं. चाळिशी उलटलेला बाप्या, तिच्या गुडघ्याला धरून रडलो. मी तिला निर्धास्त समजत होतो, ती मला.

"उद्या नेशील?" तिनं विचारलं.

पालघरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण होत्या, शांत. त्यांनी आईचं तोंड तपासलं, मी कॅमेरा पुढे केला. चारही फोटो त्यांनी मोठे करून बघितले. "फोटो फार छान काढलेत," त्या म्हणाल्या. "इतके स्वच्छ आमच्याकडे पेशंट आणत नाहीत." आणि ऐका, त्या खुर्चीत, त्या भीतीत, माझी छाती क्षणभर फुगली! मग त्यांनी विचारलं, "डाग पहिल्यांदा दिसला तेव्हाच का नाही आलात?"

"वाढतोय का ते बघत होतो."

"वाढायची वाट बघत होतात?"

आई मध्ये पडली. "त्याला नको बोलू बाय. मीच यायला नाय बोलले." बाईंनी मग मला काही विचारलं नाही, आईचा खांदा थोपटला आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठवडा लागला, त्या आठवड्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. रिपोर्टमध्ये 'तो'च होता, पूर्ण नावानं. मुंबईचे सर्जन म्हणाले, अजून आटोक्यात आहे. म्हणाले, दोन महिने आधी आला असतात तर गालातला थोडासा भाग काढून भागलं असतं. आता जबड्याची कडही घ्यावी लागेल. ते रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

ऑपरेशनच्या दारापर्यंत आईनं माझी दोन बोटं धरून ठेवली होती, घट्ट. सुरीची भीती तिची गेली नव्हती. "परत येईन ना रं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, येशील. मला काहीही माहीत नव्हतं.

ती आली. या गोष्टीला वर्ष झालं. चेहरा डावीकडे ओढला गेलाय, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, बोलणं जड झालंय. बाजार सुटला. मिश्री सुटली. बाया ओट्यावर जमल्या की ती काहीतरी निमित्त काढून आत जाते. दर तीन महिन्यांनी मुंबईला तपासणी असते, आणि तारखेच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसत नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी ती अंगणापुढच्या वलांडीवर, म्हणजे बांबूला बांधलेल्या दोरीवर, बोंबील वाळत टाकत होती. एका मांजराला अर्ध्या तोंडानं अशा शिव्या घालत होती की मला हसू फुटलं. ऊनही सुरेख होतं. माझ्या मनात आलं, त्या कॅमेऱ्यात आईचे इतके फोटो, पण सगळे गालाच्या आतले, चेहरा एकातही नाही. मी कॅमेरा घेऊन आलो आणि हाक मारली, "आई, इकडं बघ."

ती वळली. कॅमेरा दिसला आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. हातातले बोंबील तिनं पाटीत टाकले, पदराला हात पुसले, जवळ येऊन उन्हाकडे तोंड केलं. मग ओठाच्या कोपऱ्यात बोट अडकवून, उघडेल तेवढं तोंड उघडून उभी राहिली.

"आई, आतला नाय," मी म्हटलं. "मिट तोंड. नुसता तुझा काढतोय."

तिनं ओठातलं बोट काढलं.

"आदी आतला काड," ती म्हणाली. "मंग बाहेरचा." आणि परत तोंड उघडलं.